घड्याळाचा वेळ आणि मनाचा वेळ

आपल्या ट्रस्टच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी काही अभ्यासपर मजकूर लिहून द्यावा, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा विषय शोधण्यास आम्हांस दूर जावे लागले नाही. महोत्सव म्हणजे वर्षे मोजण्याचा प्रसंग. जुने सभासद भेटतात आणि म्हणतात, "इतकी वर्षे कशी निघून गेली, कळलेसुद्धा नाही." त्याच आवारातील वसतिगृहात चार दिवसांपूर्वी दाखल झालेला दहा वर्षांचा मुलगा आमचा हात धरून विचारतो, "सर, दिवाळीची सुट्टी अजून किती लांब आहे?" भिंतीवरचे कॅलेंडर दोघांचे एकच, परंतु एकाला वर्षे थोडी वाटतात आणि दुसऱ्याला आठवडा सरत नाही. असे का व्हावे, आणि हे जाणल्याने आपल्या वागण्यात काही फरक पडावा की काय, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

वर्गातील एक प्रसंग

आरंभी आमचीच एक चूक सांगणे बरे. सुमारे बारा वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गात आम्ही अपूर्णांकांचा भागाकार शिकवीत होतो. मागच्या बाकावरील एका मुलास प्रश्न विचारला. तो उभा राहिला, फळ्याकडे पाहू लागला, त्याचे ओठ हलू लागले. आम्ही थांबलो, आमच्या समजुतीप्रमाणे पुष्कळच थांबलो. अखेर "बस खाली" असे म्हणून तोच प्रश्न पुढच्या बाकावरील हुशार मुलास विचारला आणि पाठ पुढे नेला.

त्या दिवशी एक सहकारी शिक्षक पाठ पाहण्यासाठी वर्गात मागे बसले होते. तास संपल्यावर ते हळूच म्हणाले, "सर, त्या मुलाला तुम्ही दोन सेकंदही दिले नाहीत. मी घड्याळात पाहत होतो." आम्हांस ते खरे वाटेना. नंतर त्या मुलाची वही मागून घेतली. खाली बसल्यावर त्याने समासात उदाहरण पुरे केले होते आणि उत्तर बरोबर होते. वर्षभर त्याच्या नावापुढे मनातल्या मनात आम्ही 'मंद' असा शेरा मारून ठेवला होता. मंद तो नव्हता. आमच्या मनातले घड्याळ भरधाव धावत होते. अभ्यासक्रम मागे पडल्याची चिंता आणि वर्ग गप्प झाल्याचा संकोच या दोहोंनी मिळून आमच्या दोन सेकंदांचे अर्धे मिनिट केले होते. त्या दिवसापासून या विषयाकडे आम्ही लक्षपूर्वक पाहू लागलो.

मनातील घटिकापात्र

रंग जाणण्यास डोळा आहे, सूर जाणण्यास कान आहे. परंतु वेळ जाणण्यासाठी शरीरात असे स्वतंत्र इंद्रिय नाही. तरीही दूध उतू जाण्याच्या बेतात आले असेल, असे आईला दुसऱ्या खोलीत बसून कळते, याचा अर्थ मनात वेळेचे काही ना काही माप चालू असतेच. हे माप कसे चालत असावे, याविषयी मानसशास्त्रज्ञांनी एक कल्पना मांडली आहे. १९६३ साली मिशेल ट्राइसमन यांनी आणि पुढे १९८४ साली गिबन, चर्च व मेक यांनी तिला व्यवस्थित रूप दिले. ती समजावून घेण्यासाठी आपल्याकडील जुन्या घटिकापात्राचा दृष्टान्त उत्तम.

आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी लग्नघरी घटिकापात्र पाहिले असेल. बुडाशी बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडतात. छिद्रातून पाणी आत येत राहते आणि वाटी भरून बुडाली की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटे झाली असे समजतात. अशा साठ घटका म्हणजे एक अहोरात्र. 'घड्याळ' हा शब्दही या घटिकेच्याच कुळातला. आता असे समजा की मनातही अशीच एक वाटी आहे. फरक इतकाच की तांब्याच्या वाटीचे छिद्र कायम तेवढेच राहते, मनातील वाटीचे छिद्र मात्र लहानमोठे होते. भीतीने, संतापाने किंवा अधीरतेने शरीर चेतले, छाती धडधडू लागली, की छिद्र मोठे होते आणि वाटी लवकर भरते. मन म्हणते, "घटका भरली!" बाहेरचे घड्याळ म्हणते, "छे, अजून अर्धीही झाली नाही." वेळ लांबला असे आपणांस वाटते ते यामुळे.

दुसरी गोष्ट अवधानाची. छिद्रावर जणू एक झाकण आहे. आपले लक्ष वेळेकडेच लागलेले असेल, तर ते झाकण पूर्ण उघडे राहते आणि पाणी मोकळेपणी आत येते. लक्ष एखाद्या कामात गुंतले की झाकण अर्धेमुर्धे मिटते, पाणी थोडे आत येते आणि दोन तास गेले तरी अर्धा तास झाल्यासारखे वाटते. 'सावधान' या शब्दाचा मूळ अर्थ 'अवधानासह' असा आहे. मुहूर्ताची वाट पाहणाऱ्या मंडपातील माणसे अगदी या अर्थाने सावधान असतात, म्हणून शेवटची पाच मिनिटे त्यांना जड जातात!

ही वाटी म्हणजे मेंदूतील एखादा विशिष्ट अवयव, असे मात्र कोणी समजू नये. ती समजुतीसाठी केलेली एक आकृती आहे. मेंदूचे अनेक भाग या कामात मिळून भाग घेतात. तथापि नित्याचे पुष्कळ अनुभव या आकृतीने उलगडतात, म्हणून शिक्षकाच्या दृष्टीने ती मोलाची.

शरीराच्या स्थितीचा या मापाशी संबंध असतो, याचे एक जुने आणि घरगुती उदाहरण आहे. १९३३ साली हडसन होगलंड या अमेरिकन शास्त्रज्ञाची पत्नी इन्फ्लुएंझाने अंथरुणास खिळली होती. तो थोड्याच वेळासाठी बाहेर जाऊन आला, तरी फार वेळ लावलास, अशी तिची तक्रार. त्याने तिला मनाने एकेक सेकंद धरून साठपर्यंत मोजावयास सांगितले. ताप जितका जास्त, तितकी ती भरभर मोजी. रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. "आत्ता तर गेलो होतो" असे म्हणून त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. त्याच्या मनाच्या घड्याळाप्रमाणे आपण खरोखरच उशीर केलेला असतो.

भीती, दुःख आणि ओढ

सर्व भावनांचा परिणाम सारखा नसतो. १९८४ साली वॉट्स व शॅरॉक यांनी कोळ्याची अतोनात भीती वाटणाऱ्या माणसांना ४५ सेकंद कोळ्याकडे पाहावयास लावले. हा अवधी त्यांना न भिणाऱ्या माणसांपेक्षा अधिक लांब वाटला. फ्रान्समधील सिल्व्ही द्रुआ-व्होले यांनी २००४ साली सहकाऱ्यांसह केलेल्या प्रयोगात पडद्यावर निरनिराळे चेहरे दाखविले. रागावलेला चेहरा आणि शांत चेहरा सारखाच वेळ दाखविला, तरी रागावलेला चेहरा अधिक वेळ दिसला असे पाहणारांना वाटले. शिक्षक आणि पालक या नात्याने आम्हांस हा प्रयोग विचार करावयास लावतो. मोठ्या माणसाने कपाळास आठ्या घातल्या, तर त्याच्यापुढे उभ्या असलेल्या मुलाचे एक मिनिट त्याच्या एका मिनिटाएवढे नसते.

त्याच विदुषींनी २०११ साली भीतिदायक, दुःखद आणि साधे चित्रपटांचे तुकडे दाखवून पाहिले. भीतीचा प्रसंग पाहून झाल्यावर वेळ लांबलेला वाटला. दुःखाचा प्रसंग पाहून तसे झाले नाही. याचे कारण असे सांगतात की भीती शरीराला पळण्यासाठी किंवा झुंजण्यासाठी चेतविते. चित्रपटातील दुःखाने शरीर तसे चेतत नाही. मात्र दीर्घकाळच्या विषादाची गोष्ट निराळी. विषादाच्या विकाराने ग्रासलेल्या रुग्णांवरील अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की काही सेकंदांचा किंवा मिनिटांचा अंदाज हे रुग्ण इतरांसारखाच करतात. परंतु दिवस पुढे सरकतच नाही, ही भावना त्यांस अधिक छळते. घरातील एखादे माणूस वारंवार "दिवस जात नाही हो" असे म्हणत असेल, तर ते नुसते रिकामपण समजून सोडून देऊ नये. कधी कधी ती मनाच्या दुखण्याची पहिली हाक असते.

आनंदात वेळ उडून जातो, हे तर सर्वांच्या अनुभवाचे आहे. येथेही शास्त्रज्ञांनी एक बारीक भेद दाखविला आहे. गेबल व पूल यांच्या २०१२ सालच्या प्रयोगांवरून असे दिसते की नुसत्या समाधानापेक्षा, काही मिळविण्याची ओढ ज्यात आहे, अशा आनंदात वेळ अधिक आखूड वाटतो. गॅदरिंगच्या नाटकाची तालीम करणाऱ्या मुलांना रात्रीचे दहा वाजले हे ज्यामुळे कळत नाही, ती हीच ओढ.

जाताना लांब, आठवताना आखूड

येथवर चाललेल्या वेळेविषयी बोललो. सरून गेलेला वेळ आठवताना मन दुसरेच माप वापरते. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० साली आपल्या मानसशास्त्राच्या ग्रंथात हे नमूद करून ठेवले आहे की, विविध अनुभवांनी भरलेला काळ जाताना आखूड वाटतो, पण मागे वळून पाहता लांब दिसतो. रिकाम्या काळाचे याच्या उलट. तो जाताना लांब वाटतो आणि आठवू गेले तर चिमूटभर उरतो. २०२० सालच्या टाळेबंदीत आपण सर्वांनी हे अनुभवले आहे. त्या वर्षी इंग्लंडात रूथ ऑग्डेन यांनी केलेल्या पाहणीत ८० टक्क्यांहून अधिक लोकांनी वेळेची चाल बदलल्याचे सांगितले. वयाने मोठे, मनावर ताण असलेले आणि माणसांच्या सहवासाविषयी असमाधानी असे जे लोक होते, त्यांचा वेळ विशेष मंद चालला होता.

संकटसमयी काळ थबकतो, असे पुष्कळ लोक सांगतात. ते खरे की केवळ आठवणीचा खेळ, हे पाहण्यासाठी स्टेट्सन, फिएस्टा आणि ईगलमन यांनी एक धाडसी प्रयोग केला. तो २००७ साली प्रसिद्ध झाला. माणसांना ३१ मीटर उंचीवरून खाली जाळ्यात सोडले. आपले पडणे किती वेळ चालले, याचा त्यांनी केलेला अंदाज, दुसऱ्याच्या पडण्याच्या अंदाजापेक्षा सरासरी ३६ टक्क्यांनी अधिक होता. त्यांच्या मनगटावर एरवी वाचता येणार नाहीत इतक्या वेगाने बदलणारे आकडे दाखविणारे यंत्र बांधले होते. काळ खरोखरच मंदावला असता, तर पडताना ते आकडे वाचता आले असते. पण ते कोणासही वाचता आले नाहीत. म्हणजे भीतीच्या क्षणी डोळ्याची शक्ती वाढली नाही. भीतीने आठवण दाट कोरली गेली आणि दाट आठवण लांब वाटली, असा त्या शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे.

भावना आवरण्याचे मार्ग

आता मुख्य प्रश्न. भावनेने वेळ लांबतो खरा; पण भावना आवरली म्हणजे तो ताळ्यावर येतो काय? ती कशी आवरली, यावर उत्तर अवलंबून आहे.

एक मार्ग दाबून टाकण्याचा. ओठ मिटावे, चेहरा कोरा ठेवावा, आत काय चालले आहे ते दिसू देऊ नये. लहानपणापासून आपण बहुतेकांना हाच मार्ग शिकवितो. कॅथलीन व्होज आणि ब्रँडन श्मायकेल यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, आपल्या भावनांवर ताबा ठेवण्यास सांगितलेल्या माणसांना तेवढाच वेळ इतरांपेक्षा अधिक लांब वाटला. आणि ज्यांना वेळ लांब वाटला, त्यांनी पुढचे चिकाटीचे काम लवकर सोडून दिले. स्वतःवर पहारा करणारा माणूस प्रत्येक क्षण मोजत असतो. झाकण त्यानेच उघडे धरून ठेवलेले असते. रिचर्ड्स व ग्रॉस यांना तर २००० साली असेही आढळले की चेहऱ्यावरील भावना दाबून ठेवणाऱ्यांना समोर घडलेल्या प्रसंगाचा तपशील कमी आठवतो. दरडावून गप्प केलेल्या मुलास पाठातले काही आठवत नाही, यात नवल ते काय?

दुसरा मार्ग प्रसंगाचा अर्थ बदलून पाहण्याचा. परीक्षेपूर्वी छातीत धडधडते, त्यास "मी घाबरलो" असे म्हणण्याऐवजी "शरीर कामाला सज्ज झाले" असे म्हणून पाहावे. येथे भावना आत कोंडली जात नाही, ती उगमापाशीच वळविली जाते. रिचर्ड्स व ग्रॉस यांच्या त्याच अभ्यासात, या मार्गाने जाणाऱ्यांच्या स्मरणाची तशी हानी झालेली दिसली नाही.

तिसरा मार्ग सर्वांत जुना, लक्ष दुसऱ्या कामी लावण्याचा. आमच्या बालपणी रमजानच्या महिन्यात दिवसभराचा रोजा कसाबसा निभावे. पण मगरिबच्या अजानीपूर्वीची दहा मिनिटे काही केल्या सरत नसत. आम्ही भावंडे दस्तरखानापाशी घड्याळाकडे डोळे लावून बसत असू. "सबर करा" असे आमच्या अम्मीने क्वचितच म्हटले असेल. नेमक्या त्याच वेळी ती आमच्या हाती झाकलेली ताटे देई आणि गल्लीतल्या चार घरी पोहोचवून यावयास सांगे. शेवटच्या घरून परतताना अजान कानी पडे. तिने मानसशास्त्राचे पुस्तक कधी पाहिले नव्हते; पण धीर धर असे सांगून धीर येत नाही, हाताला काम दिले की तो येतो, हे तिला पक्के ठाऊक होते.

दुसऱ्याचा वेळ

हे ज्ञान केवळ स्वतःचा वेळ सुखाने घालविण्यासाठी नाही. आपल्या हाती दुसऱ्याचाही वेळ असतो, हा या पाठातील मुख्य मुद्दा होय.

मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी असंख्य वर्गांतील संभाषणे ध्वनिमुद्रित करून तपासली आणि १९७४ साली निष्कर्ष मांडले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. तेवढ्यात उत्तर आले नाही तर प्रश्न पुन्हा विचारतात किंवा दुसऱ्या मुलाकडे वळतात. त्यातही, हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांसाठी ते अधिक थांबतात आणि मागे पडलेल्यांसाठी कमी! हा विसावा तीन सेकंदांपर्यंत वाढविताच उत्तरे लांब व विचारपूर्वक येऊ लागली, निरुत्तर राहणारी मुले कमी झाली आणि एरवी न बोलणारी मुले बोलू लागली. फक्त दोन सेकंदांचे हे दान. आमच्या सातवीतील त्या मुलास आम्ही जे नाकारले, ते एवढेच होते. पुढे आम्ही मनातल्या मनात "एक, दोन, तीन" मोजण्याची सवय लावून घेतली. आरंभी ते तीन सेकंद फार जड गेले. आता वर्गातील शांतता आम्हांस बोचत नाही. त्या शांततेत मुले विचार करीत आहेत, हे कळू लागले आहे. येथेही अर्थ बदलला आणि वेळ हलका झाला.

वाट पाहणाऱ्या माणसाविषयीही असेच. डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ साली रांगेतील लोकांच्या मनोवृत्तीवर लिहिताना दाखविले आहे की रिकामे बसणे कामात असण्यापेक्षा लांब वाटते, चिंतेने वाट पाहणे अधिक लांब वाटते, आणि केव्हा संपेल हे ठाऊक नसलेले वाट पाहणे ठाऊक असलेल्यापेक्षा लांब वाटते. शिष्यवृत्तीचा किंवा औषधोपचाराच्या मदतीचा अर्ज घेऊन आपल्या ट्रस्टच्या बाकावर येऊन बसणारी आई या तिन्ही गोष्टी एकदम सोशीत असते. "बघू, कळवू" या दोन शब्दांत तिचा महिना जातो. त्याऐवजी "येत्या पंधरा तारखेस उत्तर मिळेल, मग ते होकाराचे असो की नकाराचे" असे सांगितले, तर ट्रस्टचा एक पैसाही खर्च होत नाही. पण तिची पंधरा दिवसांची झोप वाचते. घरातील वृद्धांनाही "येतो कधीतरी" असे सांगू नये. "रविवारी चार वाजता येतो" असे सांगावे, आणि जावे.

घरी करून पाहण्याचा पाठ

सर्व कुटुंबाने मिळून करण्याजोगा एक छोटा प्रयोग येथे देतो. सेकंदकाटा असलेले एक घड्याळ आणि एक वही घ्यावी.

१. एकाने शांत बसून डोळे मिटावे आणि एक मिनिट झाले असे वाटताच हात वर करावा. दुसऱ्याने खरा वेळ टिपून ठेवावा.

२. जिन्याने चारदा चढउतार करून लगेच तेच करावे. हात लवकर वर होतो काय, ते पाहावे.

३. एखादे आवडते काम करताना मध्येच थांबून किती वेळ झाला त्याचा अंदाज लिहावा आणि घड्याळाशी ताडून पाहावा.

४. घरात बोलाचाली झाली तर ती मिटल्यावर प्रत्येकाने ती किती मिनिटे चालली ते वेगवेगळ्या कागदावर लिहावे. आकडे एकमेकांशी जुळणार नाहीत, आणि त्या हसण्यात उरलेला रागही विरून जाईल.

अंदाज चुकला म्हणून कोणी खट्टू होऊ नये. चुकणे हाच या पाठाचा विषय आहे. आपले चुकते तसे समोरच्याचेही चुकत असेल, एवढे उमगले तरी पुरे.

वसतिगृहातील त्या मुलास आम्ही सुट्टीचे दिवस मोजून सांगितले, कारण नेमका आकडा हाती असला की वाट पाहणे सोपे जाते. मग त्याला बागेतील वाफ्यांना पाणी घालणाऱ्या मुलांच्या तुकडीत घातले. परवा त्याने सुट्टीविषयी विचारले नाही; मिरचीच्या रोपांना फुले केव्हा येतील, ते विचारले. तोही प्रश्न वाट पाहण्याचाच. पण त्यात ओढ होती, धास्ती नव्हती.